पहिली बॅच

मिसळीचे नवे दुकान आणि नवी शाळा यांच्या बाबतीत आपल्या लोकांचे धोरण एकच असते. आत कोणी बसले आहे का, हे आधी बाहेरून डोकावून पाहायचे. आत माणसे दिसली, की ‘चांगली असणार’ म्हणून बाहेर रांग लावायची. आत कोणी नसले, तर ‘काहीतरी भानगड असणार’ म्हणून पुढच्या दुकानाकडे वळायचे. आता, आत पहिले गिऱ्हाईक शिरल्याशिवाय दुसरे शिरत नाही आणि पहिल्याला शिरायला आत कोणीतरी आधीच बसलेले हवे. मिसळवाला हे कोडे आपल्या मेव्हण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना खिडकीशी फुकट खायला बसवून सोडवतो. शाळेची पंचाईत अशी, की शाळेला मेव्हणा नसतो.

आमच्या सोसायटीच्या मागे, जिथे पूर्वी म्हशींचा गोठा होता आणि मग बरीच वर्षे नुसता कोर्टातला दावा होता, तिथे आमच्या पालिकेने एक माध्यमिक शाळा उघडली आहे. चार मजली इमारत, पिवळा आणि तांबडा असा सरकारी रंग. प्रयोगशाळा आहे, तिच्यात काचेच्या नळ्या आहेत आणि त्यांतली अजून एकही फुटलेली नाही. सेमी इंग्लिशची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे आपल्या भाषेतून. फी नाही. यंदा आठवी, पुढच्या वर्षी नववी, त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, त्याचा अंमल १ एप्रिल २०१० पासूनचा; पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आणि आठवीपुरता. पुढचे ज्याचे त्याने पाहावे. त्यामुळे नववीच्या वळणावर कितीतरी पोरांची, आणि त्यातही पोरींची, शाळा सुटते. तेव्हा आठवी ते दहावीची शाळा आमच्या भागात हवीच होती, याबद्दल सोसायटीत दुमत नव्हते. सगळ्यांनी एकमुखाने म्हटले, शाळा फार छान झाली. आणि सगळ्यांनी एकमुखाने पुढे ‘पण’ म्हटले.

‘पण’ नंतरचे वाक्य मात्र कोणी पुरे करीना. मी चार-पाच जणांना छेडून पाहिले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “पण म्हणजे... आपली मुलं...” आणि दुधाची पिशवी घेऊन आत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले निवृत्त असल्यामुळे त्यांच्याकडे वाक्य पुरे करण्याइतका वेळ होता. ते म्हणाले, “फुकट आहे ना हो! फुकट वस्तूला क्वालिटी कुठून येणार?” बँकवाल्यांची स्वतःची तपासणी पालिकेच्याच दवाखान्यात होते, सकाळचे फिरणे पालिकेच्या बागेत होते आणि दिवसाकाठी ते जे पाणी पितात तेही पालिकेचेच, हे मी त्यांना सांगितले नाही. पण एकूण आपल्याकडे फी हे शिक्षणाचे वजनमाप होऊन बसले आहे खरे. चाळीस हजारांची शाळा वीस हजारांच्या शाळेच्या दुप्पट चांगली असते, आणि ज्या शाळेचे बूटसुद्धा शाळेतूनच घ्यावे लागतात तिथे तर विद्या पायापासून वर चढत येते.

आता माझा या भानगडीशी संबंध काय, तर माझी नात यंदा सातवी पास झाली. तिची सध्याची शाळा आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. बस सहा दहाला येते. म्हणजे पोर साडेपाचला उठते, बसमध्ये झोपते, शाळेत जागी होते (असे तिचे म्हणणे; बाईंचे म्हणणे वेगळे आहे) आणि दुपारी अडीचला सुकलेल्या पालकाच्या जुडीसारखी घरी परत येते. तिची वर्षाची फी ऐकली, की मला माझा १९८५ सालचा पगार आठवतो आणि मग तो विसरायला अर्धा तास लागतो. आणि इकडे ही नवी शाळा आमच्या मागच्या फाटकापासून चालत सात मिनिटे. नातीच्या चालीने पाच. तेव्हा एका रविवारी चहाच्या वेळी सूनबाईने सहज म्हणावे तसे म्हटले, “मागच्या शाळेत बघायचं का?” आणि आमच्या घरात नीतिशास्त्राचा तास सुरू झाला, तो पुढे दोन महिने सुटला नाही.

शाळा पारखायच्या प्रत्येकाच्या पद्धती निराळ्या असतात. चिरंजीव कॉम्प्युटरवाले असल्यामुळे त्यांना आकडे लागतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रिझल्ट किती टक्के?” आता ज्या शाळेत दहावीच नाही तिचा दहावीचा रिझल्ट काय सांगणार? “म्हणजे डेटा नाही,” ते म्हणाले आणि हा जणू शाळेचा गुन्हा असल्यासारखा चेहरा केला. आमच्या हिने इमारतीला प्रदक्षिणा घालून कुंपणाची भिंत पाहिली, फाटकावरचा वॉचमन पाहिला, त्याचे गाव विचारले, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि माणूस विश्वासाचा असल्याचा निर्वाळा दिला. मी वाचनालय पाहून आलो. पुस्तके कपाटात होती आणि कपाटाची किल्ली दाराला होती, हे मला महत्त्वाचे वाटले. खरी तपासणी केली ती सूनबाईने. ती मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडे न वळता थेट मुलींच्या स्वच्छतागृहात गेली. नळाला पाणी होते, दाराला आतून कडी होती. एक कडी ढिली होती, ती तिने वहीत लिहून घेतली. शिक्षणविषयक चर्चांमध्ये मी अनेक विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. पण आठवीत गेलेल्या मुलीची शाळा त्या कडीपासून सुरू होते, हे त्यांतल्या कोणाच्याही भाषणात आले नव्हते.

एवढे सगळे पाहून झाल्यावर, आणि ते बहुतेक सगळे बरे निघाल्यावर, उरला तो ‘पण’. त्याचे नाव अखेर चिरंजीवांनीच घेतले. “बाबा, शाळा ठीक आहे हो. पण वातावरण?”

वातावरण हा आपल्या मध्यमवर्गाचा फार सोयीचा शब्द आहे. हवामान खात्याला त्याने जे कळते त्याहून आम्हाला कितीतरी जास्त कळते. शाळेचे वातावरण म्हणजे शाळेतली हवा नव्हे. शाळेत कोणाची मुले येतात, हा त्याचा अर्थ. रिक्षावाल्याची, वॉचमनची, भाजीवालीची मुले येत असली, की वातावरण ‘तसे’ होते; डॉक्टरांची, इंजिनीअरांची आली, की ‘छान’ होते. हे मोठ्याने बोलायचे नसते. मोठ्याने बोलायला ‘संगत’, ‘भाषा’, ‘संस्कार’ असे शब्द असतात. (संस्कार या बाबतीत एवढेच सांगतो, की आमच्या सोसायटीतल्या लिफ्टच्या भिंतीवर खिळ्याने जे कोरले आहे ते कोणत्याही रिक्षावाल्याच्या पोराने कोरलेले नाही.)

पण चिरंजीवांची थट्टा करून प्रश्न सुटत नाही. वर्गात शेजारी कोण बसते याने फरक पडतो, हे खरेच आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा एक जाडजूड अहवाल निघाला, त्यात हेच निघाले होते: मुलाच्या अभ्यासावर शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा त्याच्या घराचा परिणाम जास्त, आणि त्याच्या वर्गसोबत्यांचाही. म्हणजे शाळा चांगली आहे का, हा प्रश्न ‘हा हापूस चांगला आहे का’ या जातीचा नाही. हापूस मी घेतला काय, न घेतला काय, तो होता तसाच राहतो. शाळेचे तसे नाही. आम्ही गेलो तर ती निराळी, न गेलो तर निराळी. आम्ही ज्या हवेची चौकशी करीत होतो ती अर्धी आमच्याच नाकातून बाहेर पडणार होती.

आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. वस्तू बिघडली, की गिऱ्हाईक दोनपैकी एक करते: उठून जाते किंवा तक्रार करते. सार्वजनिक शाळेची मौज (हर्शमनने तिला मौज म्हटलेले नाही) अशी, की शाळा घसरायला लागली, की आधी उठून जातात ते गुणवत्तेची सगळ्यांत जास्त काळजी असलेले पालक. आणि तक्रार करून करून शाळा सुधारायला लावण्याची ताकद नेमकी त्यांच्याच अंगात असते. त्यामुळे शाळा आणखी घसरते. आपल्याकडे हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गल्लोगल्ली घडले. ज्यांच्या आयांनी ती ढिली कडी वहीत लिहून घेतली असती त्यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेली, कडी ढिलीच राहिली, मग ती पडली, मग बसमध्ये बसलेल्यांनी खिडकीतून पाहून म्हटले, “बघा, कडीसुद्धा नाही!”

बिरबलाच्या हौदाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री प्रत्येकाने हौदात तांब्याभर दूध ओतायचे. जो तो म्हणतो, बाकीचे दूध ओततीलच, मी पाणी ओतले तर कोणाला कळणार आहे. सकाळी हौदभर पाणी. मी ही गोष्ट चिरंजीवांना मोठ्या आवेशाने सांगितली. त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे होते. “बाबा, गोष्टीत दूध ओतायचं होतं. इथं पोर ओतायचीय. माझी मुलगी काही प्रयोगासाठी नाही.”

या वाक्यापुढे मी गप्प बसलो. तुम्हीही बसला असता. दहावी एकदाच येते. शाळा पाच वर्षांनी चांगली होईल. पण पोर काही पाच वर्षे आठवीत थांबणार नाही. समाजाचे भले करायचे तर बापाने आपल्या पैशाने करावे, आपल्या वेळाने करावे, फार तर आपल्या गुडघ्याने करावे; मुलीच्या वर्षांनी करण्याचा त्याला काय अधिकार?

आणि मग आमची ही, जी इतका वेळ शेंगा सोलत होती, ती म्हणाली, “अहो, तुमच्या त्या बिरबलापेक्षा आमची खुलभर दुधाची कहाणी वाचा.” श्रावणी सोमवारची कहाणी. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. हुकूम सुटतो, गावातले सगळे दूध देवळात आणा. लोक धाकाने पोरांच्या, वासरांच्या तोंडचे काढून दूध आणून ओततात. गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरच्या मुलांना पाजते, वासरांना पाजते, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. त्याने गाभारा भरतो. म्हणजे आधी पोरेबाळे, मग महादेव. तसे केले तरच महादेवाला पोचते.

म्हणजे बिरबल माझ्या बाजूला आणि महादेव चिरंजीवांच्या! पण मी पुन्हा विचार केला, की म्हातारीने पोरांना पाजले आणि मग ती देवळात गेली. पोरांना पाजून ती घरी झोपून राहिली, असे कहाणीत नाही. खुलभर का होईना, तिने नेले. प्रश्न असा, की आमच्या घरात पोरीला पाजून खुलभर उरते आहे की नाही?

तत्त्वज्ञांकडे वळून पाहिले, पण त्यांच्याकडे मुलांच्या बाबतीत फार विश्वासाने पाहू नये. ‘सगळ्यांनीच असं केलं तर?’ या आपल्या आईच्या प्रश्नावर कांटने अख्खे नीतिशास्त्र उभारले. पण कांट जन्मभर अविवाहित, त्याला ॲडमिशनचा फॉर्म कधी भरावा लागला नाही. रूसोने १७६२ साली ‘एमिल’ लिहून मुले कशी वाढवावीत ते जगाला शिकवले. स्वतःची पाच मुले त्याने जन्मतःच अनाथालयात ठेवली होती, हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे १९६६ साली कोठारी आयोगाने सगळ्यांसाठी समान शाळा आणि जवळची शाळा असावी म्हणून शिफारस केली. त्या शिफारशीवर तेव्हापासून जेवढी व्याख्याने झाली, त्या व्याख्यात्यांची मुले कोणत्या शाळेत जात होती, याची कोणी मोजदाद केली नाही ते बरेच झाले. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये मात्र ही मोजदाद अंगावर आणणारा हुकूम काढला: सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी, त्यात मंत्री आणि न्यायाधीशही आले, आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. साहेबाचा मुलगा गळक्या छपराखाली बसला, की छप्पर आठवड्यात दुरुस्त होईल, हे त्यातले साधे गणित. हुकूम निघाला, वर्तमानपत्रांत मोठा मथळा आला, आणि साहेबांची मुले होती तिथेच राहिली.

बळजबरी आपल्याकडेही झाली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया! पण तो दंड शाळेत न पाठवण्याचा होता. चांगल्या ऐपतीचे मूल जवळच्या शाळेत न पाठवण्याचा दंड बसवायचा झाला, तर आमच्या सोसायटीचा देखभाल निधी एका वर्षात संपेल.

मला स्वतःला ‘पहिली बॅच’ या शब्दाची दहशत नाही, याचे कारण मीच तसला नमुना आहे. १९७५ साली नवी दहावी सुरू झाली, तिच्या पहिल्या बॅचचा मी. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही मुले बोर्डाच्या परीक्षेला बसली होती. म्हणजे एकाच मांडवात दोन लग्ने. पुस्तके नवी, गणित नवे. संच आणि उपसंच शिकवताना आमचे गणिताचे सर आमच्याइतकेच घाबरलेले असत, हे आम्हाला पाठीमागच्या बाकावरूनही दिसे. आमच्या आईबापांना कोणी विचारले नव्हते, की तुमचा मुलगा प्रयोगाला चालेल का. विचारले असते तर वडील म्हणाले असते, “कोणता मुलगा?” आम्ही पाच भावंडे होतो. शाळा निवडायची त्यांची पद्धत अशी, की घरातून निघून पहिली जी लागेल ती शाळा. दुसरी शाळा पाहायला जाण्याइतका त्यांना वेळही नव्हता आणि ऐपतही नव्हती. या पद्धतीचे मी गोडवे गात नाही. त्या शाळेत आमच्या वर्गातल्या पंचावन्नांपैकी किती जण दहावीच्या आधीच गळले, ते आम्ही गेट-टुगेदरला मोजत नाही. जे गळले ते गेट-टुगेदरला नसतातच.

पण पहिली बॅच म्हटले, की मला आठवतो तो पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ साल. जोतीराव फुले जेमतेम विशीतले, सावित्रीबाई त्यांच्याहून लहान. मुलींची शाळा. सुरुवातीला फक्त सहा मुली होत्या, असे सांगतात. फुले दांपत्याचे चरित्र आपण वाचतो, पुतळ्यांना हार घालतो. पण त्या सहा मुलींच्या आईबापांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्यांना कोणता रिझल्ट दाखवला असेल? वातावरण कसे वाटले असेल? सबंध पेठ तोंडात बोट घालून पाहत असताना एक आई सकाळी पोरीची वेणी घालते आणि तिला त्या वाड्यात पाठवते. का? मास्तरीणबाईंवरच्या विश्वासाने? नवऱ्याच्या हट्टाने? की पोरीनेच हट्ट धरला होता? त्या आयांनी कोणी आत्मचरित्र लिहिले नाही. लिहायला त्यांना येत नव्हते, म्हणून तर पोरीला पाठवले.

मी हे घरात बोलून दाखवले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, इथं कुठं क्रांती करायचीय? इथं फक्त ॲडमिशन घ्यायचीय.” हेही खरेच.

या सगळ्या चर्चेच्या वेळी आमच्या घरी भांडी घासली जात होती. भांडीवाल्या मावशींना एक मुलगी आहे, नातीच्याच वयाची, पालिकेच्या शाळेतून सातवी झालेली. मी आपला धरून चाललो होतो, की ती मागच्या शाळेत जाणार. त्यात विचार करण्यासारखे काय? शाळा फुकट, जवळ, नवी. ‘त्यांच्या’साठीच तर बांधली! एक दिवस मावशी पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आजोबा, एक विचारू का? ती मागची शाळा कशी आहे?”

“चांगली आहे की! का?”

“न्हाई, पोरीला तिथं घालू का नाक्यावरच्या इंग्लिश मीडियमला, असं चाललंय घरात. तिथं महिन्याला बाराशे मागतात. मालक म्हणतात फुकटाचं घे. मला वाटतं फुकटाचं म्हणजे...” इथे मावशींनी बँकवाल्यांचेच वाक्य अर्धे सोडले. मग म्हणाल्या, “मी बघून आले. संडास बरा आहे. एक कडी ढिली आहे. बाई शिकवतात म्हणं चांगलं. पण रिझल्ट न्हाई ना अजून.”

मी सूनबाईकडे पाहिले. सूनबाई वहीकडे पाहत होती.

“मग ठरवलं काय?” मी विचारले.

“तेच विचारायला आले. तुमची छकुली जाणार आहे का तिथं? ती जाणार असंल तर मग मी घालते. तुम्ही शिकलेली माणसं. तुमची पोर जाते म्हणजे शाळा बरीच असणार.”

आम्ही त्यांच्या मुलीसारख्या मुली तिथे येणार म्हणून थबकलो होतो, आणि त्या आमची येणार नसली तर थबकल्या होत्या! दारात दोघेही ‘आधी आपण’ म्हणत उभे, आणि गाडी सुटते आहे. फरक एवढाच, की आमच्यामागे दुसरी गाडी होती. मावशींच्यामागे महिना बाराशेची एक गाडी होती, जिचे इंजिन कसे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या रात्री जेवताना सूनबाई चिरंजीवांना म्हणाली, “तुझी मुलगी प्रयोगासाठी नाही. मान्य. मग कुणाची आहे?” चिरंजीव वरणभात कालवत राहिले. ती पुढे बोलली. (ती एरवी कमी बोलते, म्हणून तिचे बोलणे मला मुद्देसूद आठवते.) “आपल्या घरी पुस्तकं आहेत. बाबा आहेत, आई आहेत. गणित अडलं तर तू आहेस. तू नसलास तर ट्यूशन आहे. शाळा निम्मी जरी बरी निघाली तरी हिचं काही वाकडं होत नाही. दोन वर्षांनी वाटलं तर काढूही. मावशींच्या पोरीला यातलं काय आहे? तिला फक्त शाळाच आहे. आणि प्रयोग तिच्यावर करायचा आपण म्हणतोय.”

ज्यांच्याकडे छत्री आहे ते घरात बसलेत आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगताहेत, जरा बाहेर जाऊन बघा बरं पाऊस किती आहे. मला तर हे असे दिसले. चिरंजीवांना काय दिसले ते त्यांनी सांगितले नाही. त्यांनी दुसरा भात घेतला.

नातीला विचारावे, असे मग सगळ्यांना एकदम सुचले. दोन महिने तिच्या आयुष्यावर परिसंवाद चालू होता आणि वक्त्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिचे दोनच प्रश्न होते. सकाळी किती वाजता उठायचे, हा पहिला. दुसरा, खिचडी तिलाही मिळणार का. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण सगळ्यांना मिळते, असे मी सांगितल्यावर तिचा निर्णय झाला. तिच्या आजीने आयुष्यभर प्रेमाने केलेल्या खिचडीला ती नाक मुरडते, ही गोष्ट वेगळी.

तरी चिरंजीवांनी एक शनिवार रजा टाकली आणि स्वतः मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आले. बाईंनी त्यांना रिझल्टबद्दल काहीही आश्वासन दिले नाही, हे त्यांना आवडले. बाई म्हणाल्या म्हणे, “तीन वर्षांनी सांगते.” शिवाय त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीची माहिती दिली. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात. बाईंना बायका मिळत होत्या, पण सभेत बोलणाऱ्या मिळत नव्हत्या. चिरंजीवांनी बायकोचे नाव दिले. घरी येऊन म्हणाले, “एक वर्ष बघू.” कोणत्याही घरात क्रांती होते ती अशाच शब्दांत होते.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. लोक फार चांगले वागले. समोरच्या वहिनींनी सूनबाईचा हात हातात घेतला, जसा आपण आजारी माणसाच्या नातेवाइकांचा घेतो. बँकवाले म्हणाले, “ग्रेट! तुम्ही घाला. आमचा नातू अजून पाचवीत आहे. तुमचा रिझल्ट बघून मग आम्ही ठरवतो.” मी त्यांना मुंबईचे उदाहरण सांगितले, तिथल्या महापालिकेने २०२० पासून मुंबई पब्लिक स्कूल नावाने केंद्रीय बोर्डाच्या शाळा काढल्या आणि पुढे अर्ज इतके आले, की लॉटरी काढावी लागली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचेही सांगितले. तिचा पट बोटांवर मोजण्याइतका उरला होता, आणि २०२५ साली तिचे नाव जगातल्या उत्तम शाळांच्या बक्षिसात झळकले. “हां, लॉटरी लागत असेल तर विचार करता येईल,” बँकवाले म्हणाले. सहज मिळते ते त्यांना नकोच आहे.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला. सूनबाईनेच तो लिहून दिला. त्या समितीवरही आल्या आहेत, आणि पहिल्याच सभेत सूनबाई कडीचा विषय कशा शब्दांत मांडावा याची जुळवाजुळव करीत असताना त्यांनी उभे राहून “ती कडी कधी बसवणार?” असे विचारून टाकले. कडी बसली. पंख्याचे अजून चालू आहे.

परवा घटक चाचणीचे पेपर मिळाले. आमच्या जिन्यावर त्या दिवशी नेहमीपेक्षा वर्दळ होती. कोणाला साखर हवी होती, कोणाला वर्तमानपत्र. गणितात नातीला वीसपैकी अकरा मिळाले आहेत आणि मावशींच्या मुलीला सतरा. यावरून शाळा चांगली ठरते की वाईट, हे बँकवाल्यांना अजून नक्की करता आलेले नाही.